असमान डेप्थच्या आरएनए-सेक नमुन्यांमध्ये जनुक-अभिव्यक्तीची तुलना कशी करावी?

कोरडवाहू

नमस्कार. मी रब्बी ज्वारीच्या मालदांडी वाणावर, म्हणजे एम ३५-१ वर, दुष्काळ-ताणाचा अभ्यास करतो. नियमित पाणी दिलेल्या तीन झाडांच्या आणि पाणी तोडलेल्या तीन झाडांच्या मुळांतून आरएनए काढून आम्ही सिक्वेन्सिंगला पाठवले. प्रत्येक नमुन्यामागे सुमारे ३ कोटी रीड-जोड्या (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांच्या जोड्या) मिळाव्यात, म्हणजे एवढी डेप्थ असावी, अशी मागणी होती. प्रत्यक्षात पाणी दिलेल्या नमुन्यांना ४.२, ३.८ आणि ४.५ कोटी, तर ताणाच्या नमुन्यांना १.१, ०.९ आणि १.३ कोटी जोड्या आल्या आहेत.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे आहे की ही विदा तुलनेस अपात्र असून सर्व नमुने पुन्हा पाठवावे लागतील. प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने सुचवले की सर्व फायली ९० लाखांवर कापून सहाही नमुने एका पातळीवर आणावेत. दुसऱ्याचे म्हणणे आहे की एफपीकेएम, म्हणजे एकूण रीड आणि जनुकाची लांबी यांनी भागलेले माप, काढला की डेप्थचा प्रश्न आपोआप मिटतो, मग थेट टी-टेस्ट लावावी. हे तिन्ही सल्ले एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी अशी विदा हाताळली आहे त्यांनी आपला मार्ग कारणांसह सांगावा ही विनंती.

गणकसखी

कोरडवाहू, तिन्ही सल्ल्यांपैकी एकही जसाच्या तसा स्वीकारू नये असे मला वाटते. चौपट फरक डोळ्यांत भरतो हे खरे, परंतु डीईसेक२, एजआर आणि लिमा-वूम ही सांख्यिकीय साधने असमान डेप्थ असणारच हे गृहीत धरून बांधलेली आहेत. या साधनांना कच्चे, पूर्णांकातील काउंट, म्हणजे प्रत्येक जनुकाला मिळालेल्या रीडची संख्या, द्यावे लागतात. डीईसेक२ आणि एजआर डेप्थची दुरुस्ती काउंटना भागून करत नाहीत. प्रत्येक नमुन्याचा साइझ फॅक्टर, म्हणजे डेप्थची सापेक्ष पट, ती प्रारूपाच्या आत ऑफसेट (ठरावीक दुरुस्ती-पद) म्हणून घालतात. लिमा-वूम काउंटचे प्रमाण काढते, पण प्रत्येक मोजणीला तिच्या अचूकतेनुसार वजन देते.

हा भेद वरवर तांत्रिक वाटतो, पण सगळे मर्म त्यातच आहे. समजा एका जनुकाचे उथळ नमुन्यात १० काउंट आहेत आणि चौपट खोल नमुन्यात ४०. उथळ नमुन्याला चारने गुणले की दोन्हीकडे ४० दिसतात आणि ते समान वाटतात. मात्र केवळ नमुना-निवडीमुळे येणारी अनिश्चितता काउंटच्या वर्गमुळाएवढी असते. १० च्या मागे ती सुमारे ३.२ आहे, म्हणजे गुणल्यानंतर सुमारे १२.६, खऱ्या ४० मागे ती फक्त ६.३ आहे. एकदा गुणाकार करून तक्ता पुढे पाठवला की कोणता ४० भक्कम होता आणि कोणता डळमळीत, ही माहिती कायमची पुसली जाते. कच्चे काउंट दिले तर प्रारूपाला ती दिसते आणि ते त्यानुसार सावध होते.

रानजाई

गणकसखींशी सहमत. एफपीकेएमबद्दल एक भर घालते. आरपीकेएम हे माप २००८ साली उंदराच्या ऊतींवरील कामात पुढे आले आणि रीड-जोड्यांसाठी त्याचे एफपीकेएम झाले. त्यात दोन भागाकार आहेत, एक एकूण रीडचा आणि दुसरा जनुकाच्या लांबीचा. तुम्हाला तुलना करायची आहे ती एकाच जनुकाची, दोन स्थितींमध्ये. तिथे लांबी दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे दुसऱ्या भागाकाराचा काही उपयोग होत नाही, आणि पहिला भागाकार एकूण रीडने केलेला असल्यामुळे तो फसवा ठरू शकतो.

तळटीप

मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. सर्व फायली ९० लाखांवर आणण्यात इतके वाईट काय आहे? निदान सर्व नमुने समान अटींवर येतात आणि परीक्षकाला समजावणे सोपे जाते. प्रारूपाच्या पोटात काय चालले आहे हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगता येत नसेल, तर साधी पद्धत बरी.

गणकसखी

तळटीप, समजावण्यास सोपे असणे हा गुण मीही मानते, पण इथे त्याची किंमत जास्त आहे. ४.५ कोटींचे ९० लाख करणे म्हणजे हातात असलेल्या मोजणीचा चार-पंचमांश भाग फेकून देणे होय. आणि बदल्यात काय मिळते? उथळ नमुन्यांतील अनिश्चितता जराही कमी होत नाही. खोल नमुने मात्र मुद्दाम तेवढेच अनिश्चित केले जातात. सूक्ष्मजीवसमूहांच्या अभ्यासात ही प्रथा फार रुजलेली होती. २०१४ साली मॅकमर्डी आणि होम्स यांनी तिच्यावर सविस्तर टीका करून असे कापणे सांख्यिकीयदृष्ट्या समर्थनीय नाही असे मांडले.

शिवाय कापताना यादृच्छिक निवड होते. यादृच्छिक निवडीची बीज-संख्या (सुरुवातीचा आकडा) बदलली की काठावरची जनुके यादीत येतात किंवा गळतात, हाही त्रास आहेच.

पेशीरंग

तरीही तळटीप यांच्या म्हणण्यात एक योग्य गाभा आहे, तो वगळू नये. प्रश्न ‘किती जनुके आढळली’ असा असेल तर डेप्थ समान करणे आवश्यक ठरते, कारण अधिक खोल नमुन्यात अधिक जनुके आढळणारच. नवे स्प्लाइस-रूप, म्हणजे एकाच जनुकाच्या आरएनएची वेगळी जोडणी, शोधतानाही तेच. कमी होत जाणाऱ्या डेप्थवर आढळलेल्या जनुकांचा आलेख काढला की तो कुठे सपाट होतो हे पाहता येते. अशा तपासणीसाठी कापणे योग्य, मुख्य विश्लेषणासाठी नव्हे.

तसेच, खोल नमुने कापून विश्लेषण एकदा पुन्हा करावे आणि मूळ यादीशी ताडून पाहावे. मुख्य निष्कर्ष टिकले तर तीच बाब परीक्षकाला सांगता येते.

दगडीचाळ

सर्वांच्या बोलण्यात ‘डेप्थ’ हा शब्द फास्टक्यू फाइलमधील, म्हणजे यंत्राकडून आलेल्या मूळ फाइलमधील, रीडसंख्येसाठी येतो आहे. मोजायला हवी ती जनुकांना प्रत्यक्ष नेमून दिलेली रीडसंख्या. ज्वारीच्या बीटीएक्स६२३ या संदर्भ जीनोमवर किती रीड एकाच जागी जुळले, त्यातले किती जनुकांच्या हद्दीत पडले आणि किती रायबोसोमल आरएनएवर गेले, हे आधी पाहा. ताणाच्या नमुन्यांत रायबोसोमल वाटा मोठा असेल तर तुमची खरी तफावत चौपटीहून जास्त आहे.

आणखी एक इशारा. खोल नमुन्यांत डुप्लिकेट रीडचे प्रमाण जास्त दिसेल. ते पाहून कुणी डुप्लिकेट काढून टाकायला सांगितले तर ऐकू नका. जोरकस अभिव्यक्ती असलेल्या जनुकांचे तुकडे खोल नमुन्यात नैसर्गिकरीत्याच एकमेकांशी जुळतात. यूएमआय (प्रत्येक मूळ रेणूला लावलेली ओळख-खूण) नसताना ते काढले तर खोल बाजूची भारी जनुके तेवढी खच्ची होतात आणि आधी नसलेला पक्षपात नव्याने निर्माण होतो.

गणकसखी

रानजाई यांनी एकूण रीडने भागणे फसवे का म्हटले, ते एका लहान उदाहरणाने दाखवते, कारण माझ्या मते डेप्थपेक्षा हाच धोका मोठा आहे.

पाच जनुके घ्या. पाणी दिलेल्या नमुन्यात त्यांचे काउंट १००, २००, ३००, ४०० आणि १०००. ताणाच्या नमुन्यात ५०, १००, १५०, २०० आणि १५००. दोन्हीकडे बेरीज २००० आहे, म्हणजे डेप्थ अगदी समान आहे. एकूण रीडने भागले तर निष्कर्ष निघतो की चार जनुके निम्म्यावर आली आणि पाचवे दीडपट झाले. आता प्रत्येक जनुकाचे गुणोत्तर काढा: ०.५, ०.५, ०.५, ०.५ आणि १.५. यांचा मध्यक ०.५ आहे. दुसऱ्या नमुन्याला या ०.५ ने भागले की चित्र पालटते. चार जनुके जशीच्या तशी राहतात आणि पाचवे तिप्पट होते. पाचांपैकी चार जनुके अगदी एकाच प्रमाणात घटली असे मानण्यापेक्षा एकच जनुक बदलले असे मानणे अधिक संभाव्य आहे.

अँडर्स आणि हूबर यांच्या २०१० मधील डीईसेकची मध्यक-गुणोत्तर पद्धत हीच आहे. फरक इतकाच की तिथे प्रत्येक जनुकाचा भूमितीय मध्य हा संदर्भ मानला जातो. त्याच वर्षी रॉबिन्सन आणि ऑश्लॅक यांनी टीएमएम ही टोकाची गुणोत्तरे वगळून सरासरी काढणारी पद्धत मांडली. त्यांनी मानवी यकृत आणि मूत्रपिंड यांची विदा वापरून दाखवले की यकृतातील काही अतिशय भारी जनुके रीडचा मोठा वाटा खातात आणि त्यामुळे उरलेली जनुके मूत्रपिंडात अधिक व्यक्त होतात असा आभास निर्माण होतो.

सुगरणताई

गणकसखी, हे फार स्पष्ट झाले. मी विद्यार्थ्यांना सांगताना ताटाचा दाखला देते. पुरणपोळ्यांनी अर्धे ताट व्यापले म्हणून कोशिंबीर चमचाभर वाढली जाते, पण त्यावरून घरात कोशिंबीर कमी केली होती असे म्हणता येत नाही. सिक्वेन्सर ताटातला वाटा मोजतो, घरातले पातेले त्याला दिसत नाही. टीपीएम, म्हणजे लांबीची दुरुस्ती करून काढलेले दर १० लाखांमागील प्रमाण, याबाबतही हेच लक्षात ठेवावे. त्याची बेरीज प्रत्येक नमुन्यात १० लाखच येते, म्हणून तोही वाटाच आहे.

दुष्काळ-ताणात डिहायड्रिन आणि इतर एलईए प्रथिनांची (पेशीला शुष्कतेपासून जपणाऱ्या प्रथिनांची) जनुके जोरात चालू होतात. त्यामुळे कोरडवाहू यांच्या विदेत हा परिणाम थोडाफार असण्याची शक्यता आहे.

मोजपट्टी

मध्यक-गुणोत्तर काय किंवा टीएमएम काय, दोन्ही पद्धती बहुसंख्य जनुके बदललेली नाहीत, किंवा निदान वर-खाली सारखीच हलली आहेत, या गृहीतकावर उभ्या आहेत. ते गृहीतक मोडले तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण २०१२ मधले आहे. सी-मिक हे नियामक प्रथिन वाढवलेल्या पेशींमध्ये जवळजवळ सर्वच जनुकांचा आरएनए वाढतो आणि नेहमीच्या नॉर्मलायझेशनने ही सार्वत्रिक वाढ झाकली जाते, असे लॉव्हेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पेशींच्या संख्येनुसार बाहेरून ठरावीक प्रमाणात स्पाइक-इन, म्हणजे तुलनेसाठीचे ज्ञात आरएनए, घातले होते म्हणून ती वाढ उघड झाली.

कोरडवाहू, तुम्ही ईआरसीसी स्पाइक-इन घातले होते का? त्या संचात ९२ कृत्रिम आरएनए असतात. घातले नसतील तर तुमचे सर्व निष्कर्ष ‘इतर जनुकांच्या तुलनेत’ या मर्यादेत आहेत, हे लेखात नमूद करा.

कोरडवाहू

सर्वांचे आभार. स्पाइक-इन घातले नव्हते. दगडीचाळ यांनी सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. जनुकांना नेमलेल्या रीड-जोड्या पाणी दिलेल्या नमुन्यांत सुमारे ३.१ ते ३.७ कोटी आणि ताणाच्या नमुन्यांत ६५ लाख ते ९५ लाख आहेत. रायबोसोमल वाटा ताणाच्या बाजूला थोडा जास्त आहे. त्यामुळे तफावत चौपटीच्या काहीशी पुढे जाते.

एक शंका. ज्वारीत सुमारे ३४ हजार जनुके आहेत. त्यांतील बरीच ताणाच्या नमुन्यांत शून्य दाखवतात, पण पाणी दिलेल्यांत दहा-बारा काउंट दाखवतात. ती ताणामुळे बंद झाली असे म्हणता येईल का?

गणकसखी

नाही, निदान केवळ शून्य पाहून नाही. हिशेब करा. ज्या जनुकाचा वाटा दर १० लाख रीडमागे ०.३ आहे त्याचे ४ कोटींत अपेक्षित काउंट १२ येतात आणि १ कोटीत ३ येतात. अपेक्षा ३ असताना प्रत्यक्षात शून्य येण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेही सुमारे ५ टक्के असते. झाडाझाडांमधला जैविक फरक धरला तर ती आणखी वाढते. हजारो जनुकांमध्ये असे कितीतरी शून्य सहज पडतील. ‘आढळले नाही’ आणि ‘व्यक्त झाले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. उथळ बाजूला तर दुसरे विधान करण्याचा अधिकार फारच मर्यादित असतो.

अल्प काउंटची जनुके गाळतानाही सावध राहा. ‘प्रत्येक नमुन्यात किमान १० काउंट’ असा सरसकट नियम लावला तर उथळ नमुन्यांवर अन्याय होतो, कारण तोच १० तिथे चौपट अभिव्यक्तीची अट बनतो. एजआरचे फिल्टर-बाय-एक्सप्र हे फंक्शन दर दशलक्ष प्रमाण वापरते आणि सर्वांत लहान गटाएवढ्या नमुन्यांत ती पातळी गाठली जावी अशी अट घालते. म्हणून फक्त एका स्थितीत चालू असलेले जनुक त्यात गळून जात नाही.

रानजाई

फोल्ड-चेंजबद्दलही, म्हणजे दोन स्थितींतील अभिव्यक्तीच्या पटीबद्दलही, सांगायला हवे. अल्प काउंटच्या जनुकांत गुणोत्तरे भडक येतात आणि यादी फोल्ड-चेंजने लावली की तीच माथ्यावर बसतात. डीईसेक२ मधील श्रिंकेजने, आता साधारणपणे एपीईजीएलएम पर्यायाने, अशी डळमळीत गुणोत्तरे शून्याकडे खेचली जातात. असमान डेप्थच्या विदेत मी ही पायरी वगळणार नाही.

पीसीए, म्हणजे नमुने एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते दाखवणारा आलेख, काढताना डीईसेक२ च्या लेखकांचीच सूचना पाळा. डेप्थमध्ये दहापटीच्या आसपास तफावत असेल आणि नमुने थोडे असतील तर काउंट रूपांतरित करण्याच्या दोन पद्धतींपैकी व्हीएसटीपेक्षा आरलॉग बरा ठरू शकतो. तुमची तफावत तेवढी नाही, म्हणून दोन्ही करून पाहा. लिमा वापरणाऱ्यांसाठीही असाच संकेत आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान लायब्ररीतील (नमुन्याच्या रीडसंख्येतील) गुणोत्तर तिपटीच्या पुढे गेले तर लिमा-ट्रेंडऐवजी वूम घ्यावे.

आंबेमोहर

मी भातावर काम करतो. आतापर्यंतची चर्चा उत्तम आहे, परंतु मूळ विदेकडे पाहिल्यावर मला एक प्रश्न सतावतो आहे, आणि तो अद्याप कुणी विचारलेला नाही. उथळ असलेले तिन्ही नमुने ताणाचेच का आहेत?

सहा नमुन्यांत डेप्थ इकडेतिकडे विखुरलेली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो. इथे डेप्थ आणि उपचार यांची अचूक जोडी लागली आहे. याची तीन कारणे संभवतात. लायब्ररी, म्हणजे सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले नमुने, एकत्र करताना ताणाच्या नमुन्यांचे प्रमाण कमी पडले असेल तर ते निरुपद्रवी आहे. ताणाचे नमुने वेगळ्या दिवशी वेगळ्या फ्लो-सेलवर (सिक्वेन्सरमधील काचपट्टीवर) चालवले असतील तर बॅच (खेप) आणि उपचार एकमेकांत मिसळले, आणि ती गाठ कोणतेही गणित सोडवू शकत नाही. तिसरे म्हणजे सुकलेल्या मुळांतला आरएनए विघटित झालेला असू शकतो, आणि मग मोजली जाते ती जैविक प्रतिक्रिया की नमुन्याची अवस्था, हे सांगणे कठीण होते.

फास्टक्यू फाइलची पहिली ओळ उघडा. इल्युमिनाच्या नेहमीच्या शीर्षकात अपूर्णविरामांनी वेगळे केलेले पहिले पद यंत्राचे, दुसरे रनचा क्रमांक, तिसरे फ्लो-सेलचे आणि चौथे लेनचे असते. सहाही फायलींत ही पदे ताडून पाहा. आरएनए किती अखंड आहे हे १ ते १० मध्ये सांगणारे आरआयएन आकडेही इथे लिहा.

कोरडवाहू

आंबेमोहर, तुमचा प्रश्न वाचून लगेच तपासले. यंत्र, रन आणि फ्लो-सेल ही तिन्ही पदे सहाही फायलींत एकच आहेत. प्रत्येक नमुन्याचे रीड दोन्ही लेनवर आहेत. लायब्ररीही एकाच दिवशी तयार झाल्याची नोंद अहवालात आहे. आरआयएन मात्र पाणी दिलेल्या नमुन्यांत ८.१ ते ८.६ आणि ताणाच्या नमुन्यांत ६.७ ते ७.२ आहे.

आंबेमोहर

म्हणजे बॅचची भीती गेली, ही मोठीच दिलाशाची बाब आहे. आरआयएनमधला फरक मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमची लायब्ररी पॉली-ए निवडीने, म्हणजे आरएनएच्या शेपटीला धरून, केलेली असेल तर तुटलेल्या आरएनएचा ३-प्राइम, म्हणजे शेपटीच्या, टोकाकडील भागच अधिक पकडला जातो. आरसेक्यूसी या साधनातील जीनबॉडी-कव्हरेजने (जनुकाच्या लांबीभर रीड कसे पसरले ते दाखवणाऱ्या आलेखाने) सहाही नमुन्यांचे वक्र एकावर एक ठेवून पाहा. ताणाचे वक्र ३-प्राइमकडे झुकलेले दिसले तर लांब जनुकांची घट संशयास्पद समजा. फोल्ड-चेंज आणि जनुकाची लांबी यांचा संबंध दाखवणारा एक आलेखही काढा. आरआयएन सहचल (जोडीचा घटक) म्हणून प्रारूपात घालण्याचा सल्ला कुणी देईल, पण दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळतच नसल्यामुळे तुमच्याकडे तो उपाय चालणार नाही.

तळटीप

माझे मत मी बदलतो. मुख्य विश्लेषणासाठी फायली कापू नयेत हे पटले. आता व्यवहाराचा प्रश्न विचारतो. कोरडवाहू यांच्याकडे थोडा निधी असेल तर त्याच लायब्ररी पुन्हा चालवून डेप्थ वाढवावी, की नवी झाडे घ्यावीत?

गणकसखी

नवी झाडे घ्यावीत, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. २०१४ साली लिऊ, झोऊ आणि व्हाइट यांनी एमसीएफ-७ या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींवर डेप्थ आणि पुनरावृत्ती यांची तुलना केली. सुमारे १ कोटी रीडच्या पुढे डेप्थ वाढवण्याचा लाभ मंदावतो, जैविक पुनरावृत्ती वाढवल्याने मात्र ताकद वाढत राहते, असे त्यांना दिसले. २०१६ मध्ये शुर्च आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या दोन स्थितींच्या प्रत्येकी ४८ पुनरावृत्ती वापरल्या आणि किमान ६ पुनरावृत्तींची शिफारस केली. तीनच पुनरावृत्ती असताना बहुतेक साधनांना पूर्ण संचात सापडणाऱ्या जनुकांपैकी २० ते ४० टक्केच सापडत होती. कोरडवाहू यांचे सर्वांत उथळ नमुनेही १ कोटीच्या जवळपास आहेत. त्यांची खरी उणीव तीन झाडे ही आहे.

दगडीचाळ

सहमत. तरीही कधी त्याच लायब्ररी पुन्हा चालवल्या तर दोन्ही वेळचे काउंट सरळ बेरजेने एकत्र करावेत, त्यांची सरासरी काढू नये आणि त्यांना वेगळी पुनरावृत्ती म्हणून तर मुळीच मोजू नये. २००८ मध्ये मॅरिओनी आणि सहकाऱ्यांनी एकाच नमुन्याच्या वेगवेगळ्या लेनमधील फरक जवळपास प्वासाँ स्वरूपाचा, म्हणजे निव्वळ मोजणीतील योगायोगाएवढा, असतो हे दाखवले होते. म्हणूनच बेरीज चालते. झाडाझाडांतला फरक त्यात कुठेच नसतो.

कोरडवाहू

जीनबॉडी-कव्हरेज काढले. ताणाचे वक्र ३-प्राइमकडे किंचित झुकलेले आहेत, परंतु फोल्ड-चेंज आणि लांबी यांच्यात ठळक संबंध दिसला नाही. कच्चे काउंट देऊन डीईसेक२ चालवले, श्रिंकेज केले, आणि पेशीरंग यांच्या सूचनेप्रमाणे खोल नमुने कापून पुन्हा एकदा तपासले. डिहायड्रिन आणि एबीए (अॅब्सिसिक आम्ल) या ताण-संप्रेरकाच्या मार्गाशी निगडित जनुके दोन्ही वेळा माथ्यावर राहिली. अल्प काउंटच्या भागात मात्र दोन्ही याद्या बऱ्याच वेगळ्या आहेत, त्यामुळे त्या भागावर आम्ही कोणतेही विधान करणार नाही. मार्गदर्शकांनी हे सर्व आलेख पाहिले आणि सध्याची विदा ठेवून येत्या रब्बीत प्रत्येकी तीन झाडे वाढवण्यास मान्यता दिली. नवीन नमुने जुन्यांत मिसळताना काय पाळावे?

आंबेमोहर

नव्या खेपेत दोन्ही उपचारांची झाडे असावीत, केवळ ताणाची नव्हेत. तसे झाले तरच बॅच हा घटक प्रारूपात उपचाराच्या जोडीने घालता येईल. आरएनए काढण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा असे होणार नाही. ताणाची मुळे मातीतून सोडवायला जास्त वेळ लागत असेल तर पाणी दिलेल्या मुळांनाही धुण्यापासून द्रव नायट्रोजनपर्यंत तेवढाच वेळ द्या. आरआयएनमधली तफावत बहुधा तिथेच निर्माण होते.

मोजपट्टी

आणि या वेळी मुळातून आरएनए काढण्यापूर्वीच स्पाइक-इन, मुळाच्या ताज्या वजनाच्या प्रमाणात घाला. एकूण आरएनए समान करून झाल्यावर घातले तर प्रति ग्रॅम मुळामागे आरएनए किती घटला, हे त्यातून कळणार नाही. पाणी तोडलेल्या मुळात ताजे वजन स्वतःच कमी झालेले असते, म्हणून कोरड्या वजनाचीही नोंद ठेवा.